मंजुळाबाई खरात यांनी साडेसहाचे फाटक मोकळे केले, त्याची बखर

श्री. प्रथम वाणीस वंदन करून, मग ज्यांनी हात धरून अक्षर गिरविले त्या गुरुजनांस वंदन करून लेखणी धरिली आहे. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सर, श्रावणापासून मार्गशीर्षापर्यंत पाच मासांत विद्येच्या एका राज्यात जे वर्तले ते डोळां पाहिले, कानी ऐकिले, तैसेच लिहितो. राज्याचे नाव सांगत नाही, कारण ऐसी राज्ये बहुत आहेत आणि ज्याचे त्यास ओळखू येईल. राज्य माळावर वसलेले, खासे कुलगुरू गादीवर, त्यांचे हाताखाली बावीस विभाग आणि पाच हजार विद्यार्थी. पश्चिमेस मुख्य इमारत, ग्रंथालय आणि रंगभवन. पूर्वेच्या टोकास मुलींचे वसतिगृह. मध्ये कडुनिंबाच्या झाडीतून तेराशे पावलांचा रस्ता. वसतिगृहास लोखंडी फाटक, आणि फाटकास शिरस्ता ऐसा की सायंकाळी साडेसहास कुलूप पडावे. आता राज्यात तास संपत पाचास, आणि नाटक मंडळ, वादसभा, गिर्यारोहण, आकाशदर्शन ऐसी जी मंडळे होती त्यांचा कारभार सहापासून आठपर्यंत रंगभवनाच्या आवारी चाले. म्हणजे ज्या घटकेस राज्यात रंग भरे त्याच घटकेस सहाशे मुली फाटकाचे आत. अकरा वर्षे हाच शिरस्ता, आणि अकरा वर्षांत वसतिगृहातील एकही मुलगी विद्यार्थी मंडळावर निवडून आली नव्हती, आणि याचे कोणास नवलही वाटत नव्हते.

ते वर्षी श्रावणात मंजुळाबाई खरात भूगोलाचे एम.ए. करावयास राज्यात दाखल जाहल्या. मूळच्या माणदेशच्या, वडील मेंढपाळ. लहानपणी सुट्टी लागली की मेंढरांमागे हिंडणे, आणि या टेकडीवरून त्या टेकडीस हाक घालणे, त्यामुळे आवाज ऐसा खणखणीत की साधे बोलल्या तरी मागल्या बाकापर्यंत पोहोचे. परंतु शहरी आल्यावर वर्गात दोनदा कोणी हसले, एकदा प्राध्यापकांनी हळू बोलावयास सांगितले, आणि मग बाईंनी बोलणेच कमी केले. खोलीत सोबतीण फिरदोसबी मुलाणी, मिरजेकडील, रसायनशास्त्र शिकत. जिभेने तिखट आणि मनाने मोकळ्या. भाद्रपदात सूचनाफलकावर वादसभेचा कागद लागला की मार्गशीर्षात आंतरविद्यापीठ स्पर्धा आहे, चौघांचा संघ निवडावयाचा आहे, शनिवारी दुपारी यावे. फिरदोसबींनी तो वाचला आणि मंजुळाबाईंचे नाव परस्पर लिहून टाकिले आणि मग खोलीवर येऊन सांगितले. मंजुळाबाई रागावल्या, दोन दिवस अबोला धरिला, आणि तिसरे दिवशी शनिवार होता म्हणून गेल्या. तेथे विषय दिला की गावातील शाळा लांब झाली तर मुलीचे काय होते. बाई पहिली दोन वाक्ये अडखळल्या, मग स्वतःची आठ किलोमीटरची वाट आठवली आणि मग सुटल्या, आणि चार मिनिटे कशी गेली ते कोणास कळले नाही. वादसभेचे चिटणीस शार्दूलराव निकम, राज्यशास्त्राचे, तीन वर्षे राज्यात मुरलेले, देखणे आणि बोलके, सर्वत्र ओळखीचे; त्यांनी तेथल्या तेथे बाईंचे नाव आपल्यासह चौघांत घातले. त्या दिवशी मंजुळाबाई वसतिगृहास परतल्या त्या गुणगुणत परतल्या.

तो आनंद चार दिवस टिकला. सराव सहापासून आठपर्यंत, आणि फाटक साडेसहास. बाईंनी शार्दूलरावांस विनंती केली की सराव दुपारी ठेवावा; त्यांनी विचारून पाहिले, बाकी दोघांचे प्रयोगशाळेचे तास आडवे आले, आणि मग त्यांनी बाईंचे जागी दुसरा गडी घेतला. वाईट हेतू काही नव्हता. इतकेच म्हणाले, "फाटक तुमच्याकडचं आहे, त्याला आम्ही काय करणार?" बाई खोलीवर आल्या, ताट वाढलेले तैसेच राहिले. फिरदोसबींचा मनसुबा ऐसा की उद्याच फाटकापुढे ठिय्या द्यावा, घोषणा द्याव्या, कुलूप फोडावे. मंजुळाबाई म्हणाल्या की कुलूप ज्यांनी घातले त्यांस आधी विचारावे, ते का घातले.

वसतिगृहाच्या रेक्टर वसुंधराबाई अत्तरदे, वय पन्नाशी उलटलेले, केस घट्ट बांधलेले, कधी हसल्याचे कोणी पाहिले नव्हते. मुली त्यांस भीत आणि मागे नाना नावे ठेवीत. मंजुळाबाई त्यांचे कचेरीत गेल्या आणि परवानगी मागितली, ती नाकारली गेली. मग उठून जावे ते न गेल्या, आणि विचारित्या जाहल्या की साडेसहाच का. रेक्टरबाई सांगू लागल्या. अकरा वर्षांमागे फाटक आठास लागत असे. एक मुलगी, इतिहासाची, हुशार, ग्रंथालयात बसावयाची म्हणून नऊपर्यंतचा खास परवाना घेऊन गेली. वाटेत मोरी आहे, तिच्यावरील फरशी फुटलेली, दिवे बंद. मुलगी परतताना आत पडली, दोन तासांनी सापडली. कंबर मोडली होती. वडील आले आणि तिला घेऊन गेले, शिक्षण तेथेच संपले. इतके सांगून रेक्टरबाई म्हणाल्या, "त्या परवान्यावर सही माझी होती, मंजुळा. तिचे वडील मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं." मंजुळाबाई उठल्या. नमस्कार करून बाहेर आल्या. परंतु खोलीवर न जाता त्या फाटकातून बाहेर पडल्या, सूर्य अजून वर होता, आणि मोरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. फरशी अद्यापि फुटलेलीच होती. अकरा वर्षांत कुलूप बदलले होते, दोनदा. फरशी बदलली नव्हती.

मग बाईंनी जी मसलत केली ती ऐसी. भूगोल विभागातून मोजणीची टेप मागून आणिली आणि रोज पाचापासून सहापर्यंत रस्ता मोजू लागल्या. पहिले दिवशी दोघीच होत्या, टेपेचे एक टोक फिरदोसबींचे हाती. फिरदोसबी कुरकुरत की याने काय होणार, आणि टेप मात्र सोडीत नसत. चौथे दिवशी सहा जणी जाहल्या, आठवडा भरला तो तीस. दिव्याचे खांब चौतीस, पैकी रात्री जळणारे, पहारेकऱ्याने मोजून सांगितले, अकरा. झुडपे रस्त्यावर आलेली सात ठिकाणी. मोरी एक, फरशी फुटलेली, भगदाड दोन हात. हे सर्व मोठ्या कागदावर काढिले, बंद दिवे काळे, चालू दिवे पिवळे, आणि असा नकाशा जाहला की मध्ये चारशे पावले निव्वळ काळी. त्याची प्रत अर्जासह अभियंता कचेरीत दिली. कचेरीने पोच दिली. मग पंधरा दिवसांनी विचारिले तेव्हा अर्ज पुढे पाठविला असे कळले, आणि पुढे विचारिले तेव्हा मागे आला असे कळले. मंजुळाबाईंनी जाणिले की अर्ज बाहेरून आत जातो आहे, तो आतून कोणी धरिल्याखेरीज पोहोचणार नाही. आणि त्याच आठवड्यात विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीचा जाहीरनामा निघाला.

सचिवपदास शार्दूलराव निकम उभे होते आणि ते निवडून आल्यातच जमा होते. मंजुळाबाईंनी अर्ज भरिला तेव्हा लोक म्हणाले की ही कोण. प्रचारास त्यांस वेळ तो किती, पाच ते साडेसहा. परंतु टेप धरिलेल्या तीस जणी होत्या, त्या तासांच्या मधल्या सुट्टीत बावीस विभाग फिरल्या, नकाशा दाखवीत गेल्या, आणि मते मागावयाचे ऐवजी विचारीत गेल्या की तुमच्या वाटेवर काय मोडले आहे. कोणी म्हणाले ग्रंथालयाचा पंखा, कोणी म्हणाले अपंगांचा उतार, आणि तेही सर्व वहीत लिहून घेतले. अशा रीतीने बाईंचे नाव हळूहळू झाले.

आश्विन वद्य चतुर्थीस सायंकाळी पाचास मैदानात उमेदवारांची सभा भरली. आठशे मुले-मुली जमली. शार्दूलराव प्रथम बोलिले, नेहमीप्रमाणे छान बोलिले, आणि मध्येच वीज गेली आणि ध्वनिक्षेपक मुका जाहला. त्यांनी हातांचा कर्णा करून पाहिले, पुढल्या चार रांगांपलीकडे काही गेले नाही, आणि मंडळी उठावयास लागली. मग मंजुळाबाईंची पाळी आली. त्या मंचाच्या कडेस आल्या, क्षणभर खाली पाहिले, आणि मग ज्या आवाजास दोन मास कुलूप घातले होते तो सोडला. उठलेली मंडळी जागीच थबकली. पलीकडील चहाच्या टपरीवरील लोक वळून पाहू लागले. बाईंनी भाषण केलेच नाही. म्हणाल्या, "मी बोलून काही सांगणार नाही. वसतिगृहाचं फाटक साडेसहाला लागतं. आता सहा वाजत आलेत. ज्यांना वेळ आहे त्यांनी माझ्याबरोबर चाला, शार्दूलदादा तुम्हीसुद्धा." आणि मंचावरून उतरून चालू लागल्या.

मागून तीनशे माणसे चालली. प्रारंभी हसत खेळत, गाणी म्हणत. झाडी लागली तसा उजेड सरला आणि गाणी थांबली. चंद्र उगवलेला नव्हता. काळ्या चारशे पावलांत आले तेव्हा मुले एकमेकांचे खांदे धरून चालू लागली, आणि ज्या मुली रोज येथून धावत जात त्या सवयीने पुढे होऊन म्हणू लागल्या की इकडून या, तेथे झुडूप आहे. मोरीपाशी फिरदोसबी उभ्या राहून सर्वांस डावीकडे वळवीत होत्या. शार्दूलराव कोणाशी बोलत आले, त्यांनी ऐकिले नाही, आणि पाय गुडघ्यापर्यंत भगदाडात गेला. फिरदोसबींनी दंडास धरून ओढून काढिले. नडगी सोलपटून निघाली होती, चप्पल खालीच राहिली. मंडळी सभोवती गोळा जाहली. शार्दूलराव रस्त्यावरच बसले आणि त्या भोकाकडे पाहत म्हणाले, "तीन वर्षं इथं आहे मी. हा रस्ता पायी कधी आलोच नव्हतो."

सारे फाटकापाशी पोहोचले तो साडेसहास दोन मिनिटे उरली होती. मुली आत गेल्या, मंजुळाबाईही गेल्या, पहारेकऱ्याने शिरस्त्याप्रमाणे कुलूप घातले. आत उमेदवार आणि बाहेर मतदार, मध्ये गज. रेक्टरबाई पायरीवर येऊन पाहत होत्या. तेव्हा गजांआडून मंजुळाबाई बोलिल्या आणि शेवटच्या माणसापर्यंत ते ऐकू गेले. म्हणाल्या की हे कुलूप उद्या काढा असे मी म्हणत नाही, कुलूप घालणारांस आमची काळजी आहे. आधी रस्ता नीट करू, मग कुलपाला कारणच उरणार नाही. इतके बोलून त्या जेवावयास गेल्या. बाहेरची मंडळी काही वेळ तैशीच उभी राहिली. आणि दुसरे दिवशी शार्दूलराव लंगडत विभागोविभागी गेले, आणि आपण उभे आहोत आणि उभे राहणार, परंतु आपले स्वतःचे मत मंजुळाबाईंस आहे, असे सर्वांसमक्ष सांगते जाहले. लोकांस हसू आले आणि आदरही वाटला. मोजणी जाहली तेव्हा मंजुळाबाई एकशे सतरा मतांनी विजयी ठरल्या. अकरा वर्षांनी वसतिगृहाची मुलगी मंडळात बसली, आणि त्या सायंकाळी सहाशे मुलींनी थाळ्या वाजवून जो गजर केला तो पश्चिमेस रंगभवनापर्यंत पोहोचला असे तेथील लोक सांगतात.

दिवाळी उरकून कार्तिकात कुलगुरूंसमोर मंडळाची पहिली बैठक भरली. मंजुळाबाईंनी नकाशा मेजावर पसरला. अभियंता म्हणाले की दिव्यांचे काम पुढील वर्षाच्या आराखड्यात आहे. बाईंनी हुज्जत घातली नाही. विचारिले की फरशी कोणत्या वर्षाच्या आराखड्यात होती. कुलगुरूंनी काळ्या चारशे पावलांवर बोट ठेविले, अकरा वर्षांमागची ती हकिकत त्यांस ठाऊक नव्हती ती ऐकून घेतली, आणि वीस दिवसांत रस्ता तयार पाहिजे ऐसा हुकूम केला. हुकूम होताच कामे चालली. वायरमन शिडी घेऊन खांबाखांबावर चढले; मोरीवर नवी फरशी पडली; आणि रविवारी सकाळी दीडशे विद्यार्थी विळे-कोयते घेऊन आले आणि झुडपे साफ केली, त्यांत शार्दूलरावही होते आणि त्यांस विळा धरता येत नसल्याचे फिरदोसबींनी वारंवार सर्वांचे नजरेस आणून दिले. एकोणिसावे दिवशी चौतीसपैकी चौतीस दिवे लागले.

आता फाटक राहिले. फिरदोसबी म्हणाल्या की चला, आता मागू. मंजुळाबाई एकट्याच रेक्टरबाईंकडे गेल्या आणि मागणे काही केले नाही, इतकेच म्हणाल्या, "मॅडम, आज सात वाजता माझ्याबरोबर चालायला येता?" रेक्टरबाईंनी अकरा वर्षांत त्या रस्त्यावर सायंकाळी पाऊल टाकिले नव्हते, गाडीनेच जात येत. नाही म्हणाल्या. मग चष्मा पुसला, मग शाल घेतली आणि निघाल्या. दोघी चालल्या. मोरीपाशी रेक्टरबाई थांबल्या, आधी एक पाय नव्या फरशीवर ठेविला, मग दुसरा, आणि दोन्ही पायांवर भार देऊन उभ्या राहिल्या. वर दिवा होता. मंजुळाबाईंनी पाहिले की त्या शालीचे टोक डोळ्यांस लावीत आहेत, म्हणून त्या दुसरीकडे पाहत राहिल्या. परतताना रेक्टरबाई म्हणाल्या की आठ वाजेपर्यंत. मंजुळाबाई म्हणाल्या की मंडळांचे काम आठास संपते, तेराशे पावले चालावयाची आहेत, साडेआठ करावे. "साडेआठ," रेक्टरबाई म्हणाल्या, "पण चार-चारच्या गटानं यायचं, वहीत नावं लिहायची, आणि पहिले आठ दिवस फाटकावर मी स्वतः बसणार." बाईंनी सर्व कबूल केले.

कार्तिक वद्य पक्षात ज्या सायंकाळी फाटक प्रथम उघडे राहिले त्या सायंकाळी दोनशे सहा मुली बाहेर पडल्या. कोणी नाटक मंडळात गेल्या, कोणी बुद्धिबळास बसल्या, फिरदोसबी आकाशदर्शन मंडळात गेल्या आणि दुर्बिणीपुढून उठावयास तयार होईनात, आणि कित्येक जणी कोठेच गेल्या नाहीत, दिव्यांखालून नुसत्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडल्या. साडेआठास वहीतील दोनशे सहा नावांपुढे दोनशे सहा खुणा जाहल्या. शार्दूलरावांनी बाईंस संघात परत घेतले, आणि ज्या गड्यास त्यांचे जागी घेतले होते त्याने आनंदाने राखीव जागा पत्करिली, कारण स्पर्धेचे त्यास भयच वाटत होते. मग सराव चालला तो ऐसा की रंगभवनाचे मागल्या दारी उभे राहिले तरी मंजुळाबाईंचा एकेक शब्द ऐकू यावा. आता त्यांस हळू बोला असे कोणी म्हणत नव्हते.

मार्गशीर्षात संघ परराज्यी स्पर्धेस गेला. एकोणीस विद्यापीठे, चार फेऱ्या. तिसऱ्या फेरीत प्रतिपक्षाने शार्दूलरावांस कोंडीत धरिले, त्यांचे आकडे चुकीचे ठरविले, डाव हातचा जातो ऐसी वेळ आली. तेव्हा मंजुळाबाई उठल्या, चूक चूकच म्हणून मान्य केली, सभागृह चकित जाहले, आणि मग चूक वजा करूनही मुद्दा कसा उभा राहतो ते एकेक पायरी करीत दाखविले. परीक्षकांनी लेखण्या खाली ठेवून ऐकिले. तेथून पुढे अडथळा उरला नाही. अंतिम फेरी जिंकिली, पितळी फिरती ढाल हाती आली, आणि ती या राज्यात प्रथमच आली. तिसरे दिवशी सायंकाळी गाडी मुख्य दारापाशी पोहोचली. चालक म्हणाला की वसतिगृहापर्यंत सोडतो. मंजुळाबाईंनी आभार मानिले आणि खाली उतरल्या आणि म्हणाल्या की चालत जाऊ. मग चौघेही उतरले, रंगभवनातून नाटकवाले आले, मैदानातून खोखोचे आले, आणि ढाल हातोहाती पुढे जात चौतीस दिव्यांखालून मिरवणूक चालली, ताशा नव्हता म्हणून कोणी जेवणाचे डबेच वाजवीत होते. वसतिगृहाच्या मुली रस्त्यातच सामोऱ्या आल्या. फाटक उघडे होते, आणि आठ दिवसांची मुदत केव्हाच सरली असता रेक्टरबाई वही घेऊन तेथेच खुर्चीवर होत्या. त्या उठल्या, घड्याळ पाहिले, आठ वाजून दहा मिनिटे जाहली होती. "मंजुळा, उशीर झाला," त्या म्हणाल्या, आणि सारी गर्दी एकदम शांत जाहली. मग त्यांनी ढाल आपल्या दोन्ही हातांत घेतली आणि प्रथमच सर्वांसमोर हसल्या. "आमटी गार झाली तुमची. चला आत, परत तापवायला सांगते."

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. पुढील वर्षी विद्यार्थी मंडळाच्या नऊ जागांपैकी चार वसतिगृहातून भरल्या, आणि सचिवपदी फिरदोसबी मुलाणी बसल्या. मंजुळाबाई पदवी घेऊन नकाशे काढण्याच्या चाकरीस लागल्या आणि आजही मोठ्यानेच बोलतात. लिहिणाराने पदरचे काही घातले नाही. जे अधिक उणे जाहले असेल ते चालणारांनी आपल्या पायांनी मोजून दुरुस्त करावे. लेखन समाप्त.